गव्हाणीत पडलेले शब्द

(प्रस्तावना)

गोठ्यातल्या गव्हाणीत वैरण पडते, कारखान्याच्या गव्हाणीत ऊस. इंजिनिअर लोक ज्याला केन कॅरिअर म्हणतात, तो सरकता पट्टा पहिल्यांदा पाहिलेल्या कुणा शेतकऱ्याला त्यात गुरांची गव्हाण दिसली असणार. समोर सारखं चघळणारं तोंड, आणि ते रिकामं राहू नये म्हणून इकडून टाकत राहायचं. हे नाव ठेवायला कुणी समिती नेमली नाही की परिपत्रक काढलं नाही. तरी पाहुणा मंत्री असो नाहीतर महाराज, गळीत हंगामाचा शुभारंभ ‘गव्हाणीत मोळी टाकून’च होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तसाच छापून येतो. दरम्यान गोठ्यातली गव्हाण मात्र मोडत आली. सिमेंटचे हौद आले, प्लॅस्टिकची घमेली आली. घरातल्या लहान पोरांना गव्हाण कुठं असते म्हणून विचारलं, तर ती कारखान्याकडे बोट दाखवतात.

मी कामाच्या भाषेच्या नादी लागलो तो या शब्दामुळे. एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात माझी नोकरी झाली. ऊसनोंदी घ्यायच्या, तोडणीचा प्रोग्रॅम लावायचा, काट्यावरची भांडणं मिटवायची. शेतकी ऑफिसातला माणूस दोन भाषांच्या बांधावर उभा असतो. सकाळी फडात पाचट, वाढं, टिपरी, खोडवा. दुपारी ऑफिसात टनेज, रिकव्हरी, गेटकेन. संध्याकाळी सर्क्युलर लिहायला बसलं की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. एकाच उसाबद्दल एकाच दिवसात तीन तऱ्हेनं बोलायचं. नोंदवहीच्या मागच्या पानांवर मी शब्द टिपत गेलो, पुढं त्यांची कार्डं केली. हा संग्रह त्या कार्डांचा.

आमच्या नगर जिल्ह्याचं आणि भाषेचं नाव एकत्र आलं की नेवासं यावंच लागतं, असा आपल्याकडे दंडक आहे. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली, हे खरंच आहे. पण मला तो दाखला इथं नको. या संग्रहातले शब्द ज्ञानेश्वरांसारखं तिथल्या खांबाला टेकून सांगितलेले नाहीत, ते घामाघूम माणसांच्या तोंडून पडलेले आहेत. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. कागदावर मी तेच लिहितो आणि एस.टी.त बसताना ‘नगर’ मागतो. श्रीरामपुरात उतरणाऱ्या रेल्वेप्रवाशाला हे नवीन नाही. गाव श्रीरामपूर झालं तरी स्टेशनच्या पाटीवर अजून बेलापूरच आहे.

आता थोडं मागं. ऊसतोडणीच्या धंद्यातला सगळ्यात वजनदार शब्द ‘मुकादम’. अरबीतून फारसीच्या वाटेनं तो दख्खनेत आला. निजामशाहीपासूनच्या जुन्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील, सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस. १४९० मध्ये निजामशाही उभी राहिली, १६३६ मध्ये बुडाली, मग मोगल आले, पेशवे आले, इंग्रज आले. मोकदमाची पाटीलकी झाली, पाटीलकीचं वतन गेलं. शब्द मात्र गाव सोडून कामाच्या जागी गेला. आता मुकादम म्हणजे पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून टोळी आणणारा, कारखान्याकडून पैसे उचलून मजुरांना वाटणारा. मधला माणूस तेव्हाही होता, आताही आहे. हजेरी, बाकी, वसुली, जमा, कबूल हे सगळे शब्द त्याच्याच सोबत आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते मोठं काम होतं. पण कोशाचा रोख दरबाराकडे. फडावरच्या हजेरीला कुणी हात लावला नाही.

कारखान्याच्या आधी गुऱ्हाळ होतं. तिथली भाषा हा संग्रहाचा सगळ्यात दाट भाग, कारण ती मला वडिलांच्या तोंडून मिळाली. चरक, घाणा, काहील, चुलवाण, ढेप, काकवी. रस उकळायला लागला की वर काळपट फेस येतो, तो झाऱ्यानं काढून टाकायचा. ती मळी. गुळव्या म्हणजे साक्षात रसायनशास्त्र. पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायचा आणि ‘उतरवा’ म्हणायचा. कारखाना आला तेव्हा गुळव्याच्या जागी पॅनमन बसला. तोही पॅनमधला नमुना काचेवर घेऊन, दाणा उजेडाला धरून बघतो आणि हात वर करतो. हुन्नर बराचसा तोच, पण गुळव्या हा शब्द कारखान्याच्या फाटकाच्या आत आला नाही. मळी मात्र आली, आणि तिच्या वाट्याला मोठं विचित्र आयुष्य आलं. शेतकरी मळी म्हणतो ते प्रेसमडला, म्हणजे रस गाळून उरलेल्या, रानात टाकायच्या चोथ्याला. पेपरवाला आणि सरकार मळी म्हणतात ते मोलॅसिसला, ज्यापासून दारू आणि इथेनॉल होतं. एकदा आमच्या ऑफिसात एका सभासदाचा अर्ज आला, ‘दोन ट्रॉली मळी मिळावी.’ नव्यानं लागलेल्या क्लार्कनं तो उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याच्या फायलीला लावून ठेवला. बिचाऱ्याला कांद्याच्या वावरात खत टाकायचं होतं. संग्रहात मळीच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दोन्हींवर ‘दुसरी नोंद पाहा’ असं लिहिलंय.

इंग्रजी शब्द आमच्या भागात सहकारानं आणले असं समजतात, ते चुकीचं. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, पण त्याआधीपासूनच पाटाच्या पाण्याबरोबर ओव्हरशियर आला, मायनर आला, ब्लॉक आला. पाणी मागायच्या अर्जाचा नमुना क्रमांक सात, म्हणून ‘सात नंबर भरला का?’ हा प्रश्न. अर्जाचा नंबरच अर्जाचं नाव होऊन बसला. पाठोपाठ खासगी साखर कारखाने आले: हरेगावला बेलापूर कंपनी, मग टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षांच्या कराराने खंडावर घेतल्या आणि मैलोगणती उसाचे मळे उठवले. इथं एका शब्दाचं जे झालं, ते मला अजून विलक्षण वाटतं. ‘खंडकरी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतो तो खंड भरून दुसऱ्याची जमीन कसणारा. श्रीरामपूर, कोपरगाव, राहात्याकडे खंडकरी म्हणजे जमिनीचा मूळ मालक! कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर कंपन्यांच्या ताब्यातल्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या आणि मालक आपल्याच जमिनीसाठी मोर्चे काढत राहिला. आजोबा, बाप, नातू अशा तीन पिढ्या. २०१२ च्या सुमाराला जमिनी परत मिळायला लागल्या, पण नाव राहिलं. सातबारा स्वतःच्या नावावर असलेली माणसं अजूनही ‘आम्ही खंडकरी’ म्हणून ओळख सांगतात.

मग सहकारातला प्रवरा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील फारसं शालेय शिक्षण न झालेले शेतकरी, धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे अर्थतज्ज्ञ. दोघांच्या मेळातून लोणीला कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्यानं पहिला ऊस गाळला. गाडगीळ पहिले चेअरमन. चेअरमनच, कारण ‘अध्यक्ष’ हा शब्द पत्रकावर राहिला आणि माणसांच्या तोंडी चेअरमन बसला. तसंच शेअरचं. भागभांडवल अहवालात, बोलण्यात ‘आमचा प्रवरेचा शेअर आहे’. भावाभावांच्या वाटणीत विहीर कुणाकडे, बैल कुणाकडे, याबरोबर ‘शेअर कुणाकडे’ हाही प्रश्न आला. इतका तो घरचा झाला. पुढं राहुरी, कोळपेवाडी, संगमनेर, सोनई, भेंडे, अकोले अशी कारखान्यांची रांग लागली आणि सगळीकडे एकच बोली पसरली. फिटर, ऑइलमन, फायरमन, टर्नर. सीझन आणि ऑफ सीझन. कायम आणि हंगामी हे शब्द असतानाही माणसं परमनंट आणि सीझनल म्हणत, कारण ‘मुलगा परमनंट आहे’ या वाक्यात सोयरिकीचं जे वजन आहे, ते ‘कायम’मध्ये येत नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता शब्द चिटबॉय. फडावर जाऊन तोडणीची चिट्ठी देणारा कारखान्याचा माणूस. पंचावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला, नातवंडं असलेला गृहस्थही चिटबॉयच. ऊस वाळायला लागला की मोठमोठे बागायतदार या ‘बॉय’ला ‘तात्या, जरा आमच्याकडं बघा’ म्हणून चहा पाजत. शब्दात पोरगा, हुद्द्यात शेवटचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्याइतका मोठा माणूस शिवारात दुसरा नाही.

महाराष्ट्र राज्य झालं तसं भाषा संचालनालय आलं, पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. कचेरीचं कार्यालय झालं. या खटपटीला हसण्याची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. आपल्या भाषेत अर्ज करता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण नवा शब्द कुठं रुजतो आणि कुठं नुसता टांगला जातो, ते बघण्यासारखं आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी मला नोटीस लिहायला सांगितली. मी नमुना बघून ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’. बोर्डापुढं थांबून एका जुन्या फायरमननं ती अक्षर लावत वाचली आणि मला विचारलं, “भाऊसाहेब, कुणाला अग्नी द्यायचाय?” त्यांच्या भाषेत बॉयलर ‘पेटवायचा’. आज पन्नास वर्षं सगळ्या कारखान्यांच्या निमंत्रणपत्रिकांवर अग्निप्रदीपनच छापतात आणि बॉयलर मात्र अजून पेटवलाच जातो.

याच्या उलट ‘आवर्तन’. तोही सरकारी, तोही संस्कृत. पण धरणातून पाणी कधी सुटणार यावर ज्याचं वर्ष अवलंबून, त्यानं तो शब्द रोज पेपरात शोधला, रेडिओवर ऐकला, मोर्चात ओरडला. आता नेवाशाचा निरक्षर म्हातारासुद्धा पारावर ‘आवर्तन कवा सुटायचं?’ म्हणतो. माझी समजूत अशी झाली आहे की शब्द संस्कृत आहे की इंग्रजी, यानं फार फरक पडत नाही. त्याच्यामागून काही येतं का, पाणी, पैसा, नोकरी, तेवढंच माणसं बघतात. भारनियमन हा शब्द तसा चांगला, पण त्याच्यामागून अंधार यायचा, म्हणून की काय, माणसांनी तो पेपराकडेच ठेवला आणि स्वतः लोडशेडिंग म्हणत राहिली.

संग्रहात ज्या नोंदीला सगळ्यात जास्त जागा गेली, ती ‘उचल’. शब्द साधा, उचलणे या क्रियापदातून आलेला. कारखाना ऊसउत्पादकाला पहिला हप्ता देतो, ती ‘पहिली उचल’. ती किती जाहीर होते यावर आंदोलनं होतात, ट्रॅक्टरची हवा सोडली जाते. हे त्याच्या मालाचे पैसे, त्याच्या हक्काचे. ऊसतोड मजूर दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून जे घेतो, तीही उचल. पण ती त्याच्या अंगावर बसते. सहा महिने तोडून फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाची टोळी. एकाच उसाच्या दोन टोकांना दोन माणसं एकच शब्द वापरतात. एकाच्या तोंडी तो येणं, दुसऱ्याच्या तोंडी देणं. मी इतकी वर्षं दोन्ही उचलींच्या याद्या केल्या, एकीची शाई निळी आणि दुसरीची लाल. दोन शब्द आहेत हे लक्षात यायला मला निवृत्ती लागली.

शेतकऱ्याच्या बाजूलाही असे शब्द आहेत. बिलातून कापल्या जाणाऱ्या ‘बिनपरतीच्या ठेवी’ घ्या. ठेव आणि बिनपरतीची! ही मराठी भाषेला सहकाराची देणगी. तीही बिनपरतीचीच.

तोडणीवाल्यांत माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावर वाहणार. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. ‘टोळीत बारा कोयते हायेत’ म्हणजे चोवीस माणसं. मजुरी वाढवून मागायची वेळ आली की ‘कोयता बंद’. पहाटे कोपीतून, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीतून, निघायचं. गाडी सेंटरवाल्यांनी टायरच्या बैलगाड्या भरायच्या, डोकी सेंटरवाल्यांनी ट्रक. काम चुकलं तर खाडा. खाडा म्हणजे गैरहजेरी आणि तिच्यापायी कापले जाणारे पैसे, दोन्ही.

खाड्याच्या शेजारी मला आणखी एक कार्ड ठेवावं लागलं. ‘पाळी’ हा आमच्या भागातला सगळ्यात कष्टाळू शब्द. पाटाच्या पाण्याची पाळी, रानात कुळवाची पाळी, कारखान्यात पहिली, दुसरी, तिसरी पाळी, आणि बाईची पाळी. चारही ठिकाणी फिरून परत येणं हाच अर्थ. पाण्याच्या पाळीचं आवर्तन झालं. कुळवाची पाळी ट्रॅक्टरनं नेली. कारखान्यातली तरुण पोरं चारचौघांत पाळी म्हणायला लाजतात, ती शिफ्ट म्हणतात. उरली एक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. आमच्या फडांवर तोडायला येणाऱ्या टोळ्यांपैकी कितीतरी त्याच मुलखातल्या. तेव्हा मी पाळी आणि खाडा ही दोन कार्डं जवळजवळ ठेवून बघितली. पाळीत दुखतं म्हणून घरी राहिलं तर खाडा. तो खाडा आमच्याच मस्टरच्या भाषेतला शब्द, आणि त्याला टाळण्यासाठी बायांनी काय केलं ते मस्टरमध्ये कुठंच येत नाही.

उसाच्या जातींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र परिशिष्ट आहे. संशोधकांनी जातींना सुंदर नावं दिली: संजीवनी, निरा, वसंत. शेतकऱ्यांनी आकडा धरला: सातशे चाळीस, शहाऐंशी हजार बत्तीस, सहाशे एकाहत्तर. फुले २६५ चं ‘दोनशे पासष्ट’ झालं, फुले गळाले. दराचंही तसंच. २००९ मध्ये एसएमपी जाऊन एफआरपी आली. तिचं सरकारी मराठी ‘रास्त व किफायतशीर दर’ असं आहे, पण ‘आमची रास्त व किफायतशीर द्या’ अशी घोषणा कुणी दिलेली माझ्या ऐकण्यात नाही. एफआरपी हा आता स्त्रीलिंगी मराठी शब्द आहे, कांदा-भाकरीइतका. २०१८ नंतर इथेनॉलमुळे ‘बी हेवी’ आलं, म्हणजे पुरती साखर काढून न घेतलेलं मोलॅसिस. ते सुरुवातीला फक्त चीफ केमिस्टच्या तोंडी होतं. आता उतारा का घटला म्हणून भांडणारा सभासद तेच म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

नव्या नोंदी मला फारशा घेता आल्या नाहीत. चिट्ठी मोबाइलवर आली, ऊसनोंद ॲपवर आली, फडात हार्वेस्टर उतरला. त्याच्याभोवती जी बोली तयार होईल, ती टिपायला फडावर असलेला माणूस हवा; मी आता ओट्यावर असतो. नगरच्या आणि सुप्याच्या एमआयडीसीतली भाषा मी घेतली नाही, संगमनेर-नगरच्या विडी कामगार बायकांचीही नाही. त्यांचा प्रत्येकी वेगळा ग्रंथ व्हावा आणि तो त्यांच्यातल्याच कुणी करावा.

मांडणी अकारविल्हे नाही, याबद्दल अभ्यासक रागावतील. शब्द उसाच्या वाटेनं लावले आहेत: पाट, रान, फड, गाडी, काटा, गव्हाण, मिल, पॅन, गोडाऊन, ऑफिस. गोडाऊनमधल्या ‘पोतं’ या नोंदीजवळ जरा थांबावं अशी विनंती. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारे हमाल मी पाहिले आहेत. पुढं पोतं पन्नासचं झालं. पण पोतीपूजनाच्या बातमीतलं ‘पाच लाखावं पोतं’ मात्र अजून क्विंटलच्याच हिशेबानं येतं.

छपाईला देण्याआधी गेल्या माघात मी फडाशेजारच्या कोप्यांवर गेलो आणि काही कार्डं वाचून दाखवली. पुरुष माना डोलवत होते. कोयत्याचं कार्ड वाचलं, ‘नवरा-बायकोची जोडी, तोडणीचं एकक’. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या एका बाईनं मान वर न करता विचारलं, “आन् पोरगं?” मला कळलं नाही. ती म्हणाली, “आमचं धा वर्साचं हाये, वाढं गोळा करतंय, धाकटीला सांभाळतंय, मोळ्याबी वाहतंय. त्ये कोयत्यात धरत न्हाईत. तुमच्या वहीत धरा.”

त्या नोंदीखाली ही दुरुस्ती तिच्याच शब्दांत छापली आहे.